कपाळ पाहून केलेला तपास

शिंगाडे अर्धेच सोलून झाले होते. आज एकादशी, घरात उपासाची तीन माणसं, आणि उकडलेल्या शिंगाड्यांची साल काही केल्या निघत नव्हती. बोटं काळी, विळीचं पातं काळं. तेवढ्यात मागच्या दाराशी मनकर्णा येऊन उभी राहिली. हे शिंगाडे तिनंच काल आणून दिले होते. मला वाटलं, टोपली विसरली असेल, ती न्यायला आली. तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"बाई, एक सांगा मले. कुंकू पुसू का राहू देऊ?"

"काय बोलून राह्यली तू? आजच्या दिवशी?"

"मी नाई बोलत. जमादारानं निरोप धाडला. म्हणे, जिल्ह्याहून साहेब येऊन राह्यला, चावडीवर ये. आन् येताना कपाळाचं काय थे एक करून ये. म्हणे, मधातलं चालत नाई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विळी आडवी केली, हात धुतले, शिंगाड्यांवर ताट झाकलं आणि तिला म्हटलं, "चल. जसं आहे तसं कपाळ घेऊन चल. मी येते." एकादशीला मी देवळाखेरीज कुठं जात नाही. आज चावडीवर गेले.

मनकर्णा आमच्या गावच्या धिवरांतली. गावामागं मोठा तलाव आहे, त्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, त्यांची घरं. पावसाळ्यात मासे, दिवाळीपासून शिंगाडे, उन्हाळ्यात मजुरी. आम्ही बदलीवर या गावात आलो तेव्हा ती पहिल्याच सकाळी माशांची टोपली घेऊन दारात आली होती. मी म्हटलं, बाई, आम्ही खात नाही. तर म्हणते कशी, "मंग तुमच्या घरच्या मांजरीनं का पाप केलं?" दुसऱ्या दिवशी शिंगाडे घेऊन हजर. "घ्या. हेबी पान्यातलंच आहे, पन याले डोळे नाईत." तेव्हापासून माझ्या प्रत्येक उपासाला तिचे शिंगाडे आहेत. बुटकी, सावळी, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. डोंग्यात, म्हणजे त्यांच्या लहान होडीत, उभी राहून शिंगाड्याचे वेल उलटायला लागली की गडीमाणसांनी बाजूला व्हावं अशी तिच्या हाताची चपळाई. तोंडाचीही.

तिचा नवरा श्रावण याच्या अगदी उलट. चार वेळा विचारलं तर एकदा बोलणार. पण पाण्यात उतरला की त्याच्यासारखा माणूस नाही. माझ्या हातून विहिरीत पडलेला तांब्याचा हंडा त्यानंच काढून दिला होता. त्या दिवशी मी त्यांची एक रीत पाहिली. कमरेला दोर बांधून बुडी मारणाऱ्याचा दोर भलत्याच्या हाती देत नाहीत. दोर धरायचा तो साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं. मी मनकर्णेला विचारलं, असं का? ती हसली. "आपल्या बहिणीले रांडमुंड कोन करन बाई? दुसऱ्याचा हात ढिला पडू शकते, साळ्याचा नाई पडत." तिचा भाऊ मुखरू तेव्हा काठावर पाय रोवून दोर धरून उभा होता. श्रावण खाली असेपर्यंत त्यानं एकदासुद्धा दुसरीकडं पाहिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक मुकादम गावात आला. सिरोंच्याच्या वाटेवर एका नदीला पूल बांधणं चालू होतं. पुलाचा खांब उभा करायचा तर आधी नदीत एक मोठी पोकळ विहीर उतरवतात. आतली रेती उपसत गेलं की ती आपल्या वजनानं खाली बसत जाते, आणि तळाशी दगड किंवा लाकूड अडकलं की माणसाला बुडी मारून काढावं लागतं. हे मला मुखरूनं समजावून सांगितलं. म्हणून त्यांना धिवर पाहिजे होते. श्रावण आणि मुखरू दोघं गेले. जेठात मुखरू एकटा परत आला.

झालं असं, की एक दिवस मुकादमानं मुखरूला दुसऱ्या विहिरीवर पाठवलं होतं. मुखरू म्हणाला, माझ्या भाऊजीचा दोर मी धरतो, अशी आमची रीत आहे. मुकादम म्हणाला, इथी तुझी रीत नाई चालत, इथी कामाची रीत चालते. श्रावणचा दोर मुकादमाच्या माणसानं धरला. दोर वर आला, श्रावण आला नाही. संध्याकाळी मुकादमानं सगळ्यांना सांगितलं, तो दोर सोडून पलीकडच्या काठाला निघाला आणि पळाला आंध्रात. मग पाऊस लागला, नदी चढली, विहीर पाण्यारेतीनं भरली आणि काम बंद पडलं.

मनकर्णा तेव्हा रडली नाही. "धिवराचा पोर पोहत जाऊन पळाला असन तर मी त्याची तंगडी मोडीन," एवढंच म्हणाली, आणि ठाण्यात गेली. तिला तपास पाहिजे होता. कोणीतरी सरकारी माणसानं जाऊन त्या मुकादमाला विचारावं आणि त्या विहिरीत माणूस उतरवून पाहावं. याहून जास्त काही तिनं मागितलं नाही, आजपर्यंत नाही.

ठाण्यात जमादारानं तिला दुपार टळेपर्यंत पायरीवर बसवलं. मग आत बोलावलं आणि तोंडाकडं न पाहता कपाळाकडं पाहिलं.

"कुंकू आहे ना?"

"आहे."

"मंग नवरा जिता आहे. जिता माणूस हरवत नसते, थो जाते. दुसरी करून बसला असन तिकडं. तेलंगी बाया लय गोड बोलतेत."

"माह्यापेक्षा गोड तर कोनीबी बोलते, साहेब. राहू द्या त्याले तिच्याजवळ. पन आदी विहिरीतून काढून तर द्या."

जमादार हसला, म्हणे, आणि तक्रार न घेता तिला परत पाठवलं. वर हेही सांगितलं, की नदी आमच्या हद्दीत येत नाही. हे सगळं तिनं मला तळ्याच्या पाळीवर बसून सांगितलं आणि जमादाराची अशी नक्कल केली, की मलाही हसू आलं. आता त्या हसण्याचीही लाज वाटते.

पुढं पितृपक्ष आला. मनकर्णेची सासू गिरजाबाई, डोळ्यांनी अधू, अंगणात बसून सारखी एकच बोलायची, "माह्या पोराले तहान लागते. पान्यात बसून त्याले पानी नाई भेटत." पाण्यात गेलेल्याला घरच्यांनी पाणी दिलं नाही तर तो तिथंच अडकून राहतो, असं त्यांच्यात मानतात. म्हातारीनं जेवण सोडलं. शेवटी त्यांच्या जातीचे पंच सोमाजीभाऊ यांनी ठरवलं, पळसाच्या पानांचा पुतळा करू आणि त्याला अग्नी देऊ. बायका मनकर्णेच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. ती सुपातले तांदूळ निवडत होती, ते सूप तसंच हातात घेऊन उभी राहिली.

"बुढीचं मन मी नाई मोडत. जाळा पुतळा. पन माह्या हाताले जिनं हात लावला तिचा हात मी ठेवनार नाई."

सोमाजीभाऊंनी बायकांना मागं व्हायला सांगितलं. मग म्हणाले, "मायनं पानी द्यावं, बायकोनं वाट पाहावी. ज्याचं त्याचं मन. देवाले दोन्ही समजते."

मी लहानपणापासून पोथ्या ऐकत आले, कीर्तनं ऐकली, मार्कंड्याच्या महादेवाला दर शिवरात्रीला जाते. याहून शहाणा निवाडा मी कुठं ऐकलेला नाही. एका घरात आईनं मुलाला निरोप दिला आणि त्याच घरात बायकोनं त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं. दोघी एका चुलीवर जेवल्या. भांडण नाही, तंटा नाही. चूक झाली ती एवढीच, की त्या भोळ्या माणसांना वाटलं, घरात केलेलं देवकार्य देवापुरतं राहतं.

जमादाराच्या कानावर गेलंच. मनकर्णा पुन्हा ठाण्यात गेली तेव्हा तो म्हणाला, "पुतळा जाळला ना? मंग मेला. मेलेला कुठी हरवते?"

"बरं, मंग मेला म्हणून लिहा. कसा मेला थे पाहा."

"प्रेत कुठी आहे? आन् मेला तर कपाळावर हे काय आहे?"

कळली का गंमत? कुंकू आहे म्हणून तो हरवलेला नाही, पुतळा जाळला म्हणून तो हरवलेला नाही, आणि प्रेत नाही म्हणून तो मेलेलाही नाही. एक धडधाकट माणूस, माझा हंडा काढून देणारा, सरकारच्या लेखी कुठंच नव्हता. जिवंतांत नाही, मेलेल्यांत नाही, हरवलेल्यांत नाही.

हे सगळं असंच कुजत पडलं असतं. पण नागपूरला अधिवेशन भरलं आणि तिथं कोणीतरी प्रश्न टाकला, की या जंगलभागातून ठेकेदारांनी कामावर नेलेली किती माणसं परत आली नाहीत. उत्तर पाठवायचं म्हणून गावोगाव जीपा फिरू लागल्या. आमचे हे काल शाळेतून आले ते सांगत होते, की त्यांनाही सहीला पंच म्हणून बोलावलं आहे. मी म्हटलं, बरं झालं, आता श्रावणचं नाव जाईल. हे नुसते चहा पीत राहिले.

आणि घाई होती ती वेगळीच. मुखरू परवाच पुलाच्या बाजूनं येणाऱ्या एका माणसाकडून ऐकून आला होता. नदी उतरली, काम पुन्हा लागलं, आणि संक्रांतीच्या आत ती विहीर सिमेंट-गिट्टीनं भरून टाकणार. एकदा भरली की वर खांब चढणार, खांबावर पूल, पुलावरून एस.टी. मग कोण कोणाला शोधणार? श्रावणचं नाव वर गेलं, तर तिकडच्या ठाण्याला काम थांबवून पाहावं लागेल. नाही गेलं, तर नाही. मनकर्णा चावडीवर चालली होती ती यासाठी.

चावडीत साहेब टेबलाशी बसले होते. तरुण माणूस, अंगात स्वेटर, पुढ्यात चहा. बाजूला जमादार. खुर्चीवर आमचे हे, मला पाहून चपापले. दाराशी मुखरू आणि भिंतीला टेकून गिरजाबाई. तिला मुखरूनंच हात धरून आणलं असावं.

जमादारानं मनकर्णेचं कपाळ पाहिलं. "सांगितलं होतं ना तुले, एक काय थे करून ये?"

"हेच एक आहे," मनकर्णा म्हणाली.

साहेब शांतपणे म्हणाले, "हे पाहा बाई, मला सोपं उत्तर पाहिजे. तुमचा नवरा जिवंत आहे की मयत आहे?"

"मले माहीत असतं साहेब, तर मी कायले आली असती तुमच्याकडं? माहीत नाई म्हणून तर तुमाले शोधाले सांगून राह्यली."

"पण घरात तुम्ही त्याचे अंत्यविधी केले."

तेव्हा गिरजाबाई भिंतीला धरून उठली. "पुतळा म्या जाळला. तिनं नाई. माह्या पोराले पानी म्या दिलं. तिचा नवरा तिचा आहे अजून."

"आजी, माणूस एकच आहे ना तो?"

"एकच तर आहे बाप्पा. दोन असते तर येवढी वनवन केली असती का?"

मुखरू फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबही जरासे हसले. मला वाटलं, पाझरला हा माणूस. पण त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला अजून सहा गावं करायची आहेत. जमादार, काय ते पाहा."

आणि जमादारानं काय पाहिलं? टेबलावर चहा सांडला होता, तो पुसायचं फडकं होतं. ओलं, कळकट. ते त्यानं उचललं आणि मनकर्णेपुढं धरलं. "घे. पूस. मयत लिहून टाकतो, तूबी मोकळी, आमीबी मोकळे."

बाईमाणसाच्या कपाळाला चहाचं फडकं. मी इतकी वर्षं नवरात्राला सवाष्णींची ओटी भरते, त्यांच्या पायावर डोकं ठेवते, त्यात मनकर्णाही असते. मला पुढचं नीट आठवत नाही. फडकं माझ्या हातात आलं आणि दाराबाहेर गेलं, एवढं खरं. मी म्हणाले, "जमादार, तुमच्या आईच्या कपाळाला हे फडकं लावून दाखवा, मग हिला सांगा."

"गुरुजी, तुमच्या मंडळींना सांभाळा," साहेब म्हणाले. मला नाही, यांना.

हे म्हणाले, "अगं, घरी जा तू."

मी गेले नाही. मनकर्णा मात्र अजिबात चिडली नव्हती. ती टेबलाजवळ गेली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, तुमी मले काहीबी म्हना. सवाशीन म्हना, रांड म्हना. मी भांडत नाई. पन संक्रांतीच्या आदी त्या विहिरीत एक मानूस उतरवा. थो नाई भेटला तर मी समजन पळाला. भेटला तर मी मंग घरी जाऊन सोताच्या हातानं पुसतो सगळं. तुमचं फडकं नाई लागनार."

तिच्या तोंडून इतकं हळू बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, नाव लिहितात. त्यांनी गावाचं नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि कागद यांच्यापुढं सरकवला. मला वाचता येतं. निरंक. म्हणजे या गावातून कोणीही बेपत्ता नाही.

हे म्हणाले, "साहेब, चष्मा घरी राहिला माझा."

"गुरुजी, नाकावर आहे."

चावडीत कोणी हसलं नाही. यांनी सही केली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "भामरागडला बदली करतील, मग तू काय खाशील? तिथं शाळा झाडाखाली असते." मी म्हटलं, "शाळा झाडाखाली चालते. माणूस सिमेंटखाली नाही चालत." त्यांना साबुदाणा वाढला. त्यांच्या पानाशेजारी बसले नाही. देवापुढं दिवा लावला, पण आज हात जोडले गेले नाहीत. देव रागावला तर रागावू दे. त्याला दोन्ही समजतं, असं सोमाजीभाऊ म्हणाले होते, तर हेही समजू दे.

उद्या-परवा नागपूरला कोणीतरी उभं राहून वाचेल, की अमुक जिल्ह्यात, अमुक तालुक्यात, असा एकही प्रकार घडलेला नाही. समोरचे मान हलवतील. खोटं कोणी बोललं असं म्हणताही येणार नाही. जमादारानं कपाळ पाहिलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं, आमच्या यांनी भामरागड पाहिलं. विहीर कोणीच पाहिली नाही. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येतं त्यांचा माणूस दोन दिवस उशिरा आला तरी ठाणं जागं होतं. धिवराचा माणूस गेला तर त्याच्या बायकोच्या अंगावर पुरावा शोधतात. हरवणाऱ्यानं आधी जात पाहून, घर पाहून हरवावं, असा कायदा तरी एकदा करून टाका म्हणावं.

तिसऱ्या प्रहरी मनकर्णा पुन्हा मागच्या दारी आली. मी तोंड वर करून तिच्याकडं पाहू शकत नव्हते, यांच्या सहीमुळं. ती सरळ आत येऊन बसली आणि माझी विळी ओढून राहिलेले शिंगाडे सोलायला लागली.

"गुरुजीवर रागावू नका बाई. भीतीनं मानसाची नजर जाते. माह्या सासूची तर वयानं गेली."

"आता काय करशील?"

"जातो ना."

"कुठं जातेस?"

"विहिरीवर. मुखरू उतरन म्हणते. त्याले मी म्हटलं, तुह्या बायकोचा भाऊ तर लहान आहे, दोर कोन धरन? तर म्हणते, तू धर. मी म्हटलं, बाईनं धरलेला चालते का? म्हणे, मुकादमाच्या मानसानं धरलेला चालला, मंग बहिणीनं धरलेला का वाईट?"

"आणि मुकादमानं उतरू दिलं नाही तर?"

"तर मी त्या सिमेंटात जाऊन उभी राहीन. म्हनन, टाका. मंग तरी एक बाई हरवली म्हणून लिहितीन का नाई?"

ती हसत होती आणि हात भराभर चालत होते. मला हसू आलं नाही. मी देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला आणि तिला लावलं. तिनं मला लावलं. वाटेसाठी तिला शिंगाड्याचं पीठ आणि गूळ बांधून दिला. म्हणाले, मीही येते. तर म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमी इथी बुढीकडं पाहा. तिले दोन येळ भाकर पोचवा, येवढं करा."

तेवढं मी करणार आहे. उद्या सकाळी मनकर्णा आधी सोमाजीभाऊंच्या घरी जाऊन शिंगाड्याच्या वेलांची राखण आणि डोंगा त्यांच्याकडं सोपवून येईल, आणि मग मुखरूसोबत पुलाकडं जायला आलापल्लीची एस.टी. पकडेल.